मागच्या वर्षाची रेषा

डोळ्याच्या पडद्याचे फोटो वाचायचं काम ज्या खोलीत चाले, तिला खिडकी नव्हती. भिंती राखाडी, दिवे मंद आणि बोलणं हळू. नव्यानं आलेल्याला वाटे, इथे कुणीतरी आजारी माणूस निजवलाय आणि सगळे त्याची झोपमोड होऊ नये म्हणून जपतायत. एकेक फोटो दोघांनी वाचायचा, वेगवेगळा, एकमेकांना न विचारता. दोघांचं जमलं तर ठीक, नाही तर तिसऱ्यानं निवाडा करायचा. हा नियम इथलं काम बघणाऱ्या ताईनं घालून दिला होता आणि त्यापायी तिनं बऱ्याच जणांचा राग ओढवून घेतला होता.

"म्हणजे आमच्यावर विश्वास नाही, असंच ना?" असं कुणी तणतणत विचारलं की ती म्हणे, "माझ्यावरसुद्धा नाही. म्हणून तर दुसरा लागतो."

ती सगळ्यांची ताई कशी झाली त्याला कारण तिचा धाकटा भाऊ. तो एकदा तिला भेटायला आला असताना इमारतीच्या लांबलचक बोळकांडीत उभा राहून, "ताई, अगं ए ताई, कुठल्या बिळात शिरलीस?" असा ओरडला होता. दुसऱ्या दिवसापासून मोठ्या डॉक्टरांपासून झाडूवाल्यापर्यंत सगळे तिला ताई म्हणू लागले. भावाला घरी टिल्लू म्हणत. लहानपणी तो खरंच टिल्लू होता. पुढे दाराच्या चौकटीला डोकं लागेल इतका वाढला, पण नाव काही वाढलं नाही.

टिल्लूच्या डोळ्यांचा रोग आईच्या घराण्यातून आला होता. आई तो स्वतः भोगत नाही, पण मुलाच्या पदरात घालते आणि मुलीला बहुतेक सोडून देते, अशी त्याची वाईट खोड. मामाला होता. मामा तरुणपणीच खुर्चीत जाऊन बसला आणि तिथून फारसा उठला नाही. मग टिल्लूला झाला. ताईला नाही. आईनं या गोष्टीवर तोंडातून कधी शब्द काढला नाही, पण टिल्लू जेवायला बसला की ती भिंतीकडे बघत वाढे. हे ताईनं पाहिलं होतं आणि तेव्हाच कधीतरी तिनं मनाशी ठरवून टाकलं, की आपण सुटलो आहोत तर त्याची काहीतरी भरपाई करायला हवी. पुढचं सगळं शिक्षण, परदेशातली वर्षं, लग्नाचा राहूनच गेलेला विषय आणि ही बिनखिडकीची खोली, हे सगळं त्या ठरवण्यातून निघालं होतं.

रोग समजायला अवघड नाही. पडद्याचा आडवा छेद दाखवणारा फोटो काढला की तो मिटलेल्या पुस्तकाच्या कडेसारखा दिसतो, थरावर थर. त्या थरांत एक बारीक उजळ रेषा असते. ती जिथे आहे तिथे उजेड टिपणाऱ्या पेशी जिवंत आहेत. जिथे तुटली तिथे त्या मेल्या. या रोगात ती रेषा दोन्ही टोकांकडून मधे मधे झिजत येते, दर वर्षी थोडी थोडी, आणि माणूस आधी नळीतून बघितल्यासारखं बघू लागतो, मग भोकातून, मग काहीच नाही. ताईच्या गटानं तयार केलेलं औषध पडद्याच्या खाली सुईनं सोडायचं होतं. बिघडलेल्या जनुकाची चांगली प्रत त्यात होती. ती मरू घातलेल्या पेशींना तगवू शकत होती, जिवंत असून काम सोडलेल्यांना पुन्हा कामाला लावू शकत होती. मेलेल्यांना मात्र उठवू शकत नव्हती. म्हणून निकष असा, की रेषा अमुक लांबीची उरलेली असेल तरच त्या डोळ्याला औषध. ही लांबी ताईनंच ठरवली होती आणि ती ठरवताना तिच्या मनात टिल्लूचा डावा डोळा होता. त्यानं दिसणं फार कमी झालं होतं, पण रेषेच्या हिशेबात तो आरामात बसत होता.

अखेर चाचणीला परवानगी आली. पहिल्या खेपेच्या रोग्यांचे फोटो वाचायला घेतले. टिल्लूचे फोटो आले तेव्हा ताई रीतसर बाजूला झाली. सख्ख्या भावाचं आपण वाचायचं नाही, हे कुणी सांगायची गरजच नव्हती. एक वाचक कासव आणि दुसरी, सगळे जिला चष्मेवाली म्हणत ती. कासव म्हणजे तिचा सगळ्यांत जुना सहकारी, इतरांचे पाच फोटो होईतो याचा एक होई म्हणून ते नाव पडलं होतं आणि तो स्वतःही फोनवर "कासव बोलतोय" असंच म्हणे.

दुपारी कासव तिच्या खोलीत आला आणि म्हणाला, "ताई, चहा घेतलात का?"

कासवानं आजवर कुणाला चहाचं विचारलं नव्हतं.

"चहाचं राहू द्या. लांबी किती आली?"

"बसू का?"

"बसा की. लांबी किती?"

कासव बसला. हातातला चष्मा त्यानं पुसला, पुन्हा पुसला. "डाव्यात रेषा नाही, ताई."

"म्हणजे निकषापेक्षा कमी?"

"नाहीच आहे."

ती हसली. खरंच हसली. "काहीतरी काय सांगताय! अहो, दर वर्षी मी स्वतः बघते. चांगली भरघोस रेषा आहे. जागची हललेली नाही. तुम्ही कुणा दुसऱ्याचा फोटो उघडला असेल."

"मलाही आधी तेच वाटलं. म्हणून परत सगळा बघितला. मग चष्मेवालीचा निकाल उघडला. तिचंही शून्य."

"आणि उजवा?"

"उजव्यात मधोमध एक बेट उरलंय. बारीक. त्या जोरावर तो समोरचं थोडंफार बघतो. पण निकषाच्या खूप खाली. तिथे सुई लावायची म्हणजे..." त्यानं वाक्य तसंच सोडलं. ते पुरं करायची गरज नव्हती. सुईनं पडदा उचलला की इतकं बारीक बेट बहुधा बुडतंच, हे वाक्य चाचणीच्या कागदांत ताईनंच लिहिलं होतं.

तिनं टिल्लूचे जुने फोटो उघडले. एकामागून एक वर्षं संगणकाच्या पडद्यावर आली. प्रत्येकात थरांवरून संगणकानं ओढलेली हिरवी रेषा, तीच लांबी, तेच हलकंसं वळण. मग कासव काही बोलायच्या आत तिनं ती हिरवी रेषा पुसली आणि खालचा मूळ फोटो नुसता ठेवला. खाली करडा धूर होता. आदल्या वर्षीच्या फोटोतही करडा धूर. त्याच्या आदल्या वर्षीही.

ताईला कळायला वेळ लागला नाही, कारण ती रेषा ओढणारा प्रोग्राम तिनंच लिहिला होता. काही रोग्यांचे डोळे सारखे हलतात, फोटो अंधुक येतात आणि तेवढ्यापायी तासन्‌तास वाया जातात. म्हणून एका दमलेल्या आठवड्यात तिनं त्यात एक सोय करून ठेवली होती. जिथे फोटो अंधुक असेल, तिथे मागच्या भेटीची रेषा पुढे आणायची. ती कच्ची रेषाच असायची, कारण नंतर दोन वाचक मूळ फोटो बघून ती हातानं दुरुस्त करणारच होते. सोय निरुपद्रवी होती. टिल्लूचे डोळे जन्मापासून हलत. सुरुवातीचा एक सोडला तर त्याचा फोटो कधी स्वच्छ आला नव्हता. आणि टिल्लूचे फोटो दोघांनी कधी वाचलेच नव्हते. तो सुट्टीच्या दिवशी यायचा, इमारतीत कुणी नसायचं, ताई स्वतः मशीन लावायची, संगणकानं ओढलेली हिरवी रेषा बघायची आणि म्हणायची, "आहे रे बाबा, जागची हलली नाही." मग दोघं बाहेर जाऊन काहीतरी खायचे.

जो रोग कुणाला सोडत नाही, त्यात रेषा वर्षानुवर्षं जागची हलत नाही! दुसऱ्या कुठल्याही रोग्याच्या बाबतीत तिच्या मनात पाल चुकचुकली असती. टिल्लूच्या बाबतीत तिला ते त्याचं नशीब वाटलं होतं. एवढं तरी बरं दान पडलं, असं.

"ताई," कासव म्हणाला, "ते दुसऱ्या गटाचे लोक त्याला बोलावत होते, ते कुठल्या साली?"

ताईलाही तेच आठवलं होतं. लांबच्या एका शहरातल्या गटानं त्यांच्या आधी असंच औषध तयार केलं होतं. त्यांनी टिल्लूला पत्र पाठवून बोलावलं होतं. टिल्लू निघालाही होता. ताई म्हणाली होती, त्यांचं अजून कच्चं आहे, आपलं येतंय, तुझी रेषा पक्की आहे, तुला घाई कसली? तो म्हणाला होता, "तू म्हणतेस तर नाही जात. डोळे माझे असले तरी खातं तुझ्याकडे."

तिनं त्या साली काढलेला फोटो उघडला आणि हिरवी रेषा पुसली.

खाली खरी रेषा होती. हिरव्या रेषेपेक्षा आखूड, कडांना विरलेली, अंधुक, पण होती. जिवंत होती. त्या गटाच्या निकषात बसेल इतकी. पुढच्या वर्षीच्या फोटोत ती तुटून तुटून ठिपके झाले होते. त्याच्या पुढच्या वर्षी धूर.

"मी सांगू का त्याला?" कासवानं विचारलं.

"नको."

"मग आज तरी जाऊ नका. आज तुम्ही भानावर नाही."

"उद्या मी काय जास्त शहाणी होणार आहे?" ताई म्हणाली आणि तिनं पर्स उचलली.

टिल्लूचं सलून बाजाराच्या मागच्या रस्त्यावर होतं. दोन खुर्च्या, भिंतभर आरसा, कोपऱ्यात बेसिन. पूर्वी दोन्ही खुर्च्या त्याच्या होत्या. नजर जशी आकसत गेली तशी कात्री त्याच्या बायकोकडे गेली आणि त्याच्याकडे दाढी उरली. दाढीला डोळे लागत नाहीत, असं तो म्हणे. डाव्या हाताची बोटं आधी गालावरून फिरत, मागून वस्तरा. गिऱ्हाइकं घटली होती, पण जी उरली होती ती त्याच्याखेरीज कुणाकडे मान पुढे करत नसत.

ताई दारात पोचली तेव्हा खुर्चीत एक निवृत्त पोस्टमास्तर फेसात बुडून बसले होते.

"नाक तेवढं राहू दे बाबा माझं," पोस्टमास्तर म्हणाले.

"नाकाचं आधी सांगावं लागतं, काका. मी आपलं सपाट करत चाललोय."

"तुझ्या बहिणीचं औषध आलं की केस कापायला मी पहिला बसणार तुझ्या खुर्चीत. तोवर जीव मुठीत धरून बसतो."

"तोवर कशाला, महिन्याभरात या. कात्री परत माझ्या हातात येणार. हिनं गल्लीतल्या सगळ्यांना एकच कट मारून ठेवलाय. लोक विचारतात, हे सगळे एकमेकांचे भाऊ का?"

"भाऊ तर भाऊ," त्याची बायको दुसऱ्या खुर्चीवरचे केस झटकत म्हणाली. "कान तरी जागच्या जागी आहेत सगळ्यांचे. अहो, ताई आल्यात."

"आली?" टिल्लूनं आवाजाच्या दिशेनं मान वळवली आणि मग जरा तिरकी केली. उजव्या डोळ्यातल्या त्या एवढ्याशा बेटावर ती मावावी म्हणून. "बस, बस. आज कामाच्या दिवशी कशी? बॉसला सांगून आलीस की पळून?"

"तुझं आटप आधी."

ती भिंतीजवळच्या बाकावर बसली. भावजयीनं तिच्या चेहऱ्याकडे एकदा बघितलं आणि झटकायचं थांबवलं. या बाईचं आणि ताईचं वाकडं कधी नव्हतं, पण एका गोष्टीवरून धुसफूस होती. डोळे गेलेल्यांना रस्त्यावर चालायला शिकवणारी एक शाळा होती. टिल्लूनं तिथे जावं म्हणून भावजय गेली कितीतरी वर्षं त्याच्या मागे लागली होती आणि तो जात नव्हता. "ताईचं औषध येतंय," हे त्याचं ठरलेलं उत्तर.

"तिथे गेलो की लोक आंधळा म्हणतील," तो एकदा म्हणाला होता.

"आत्ता काय म्हणतात? धडकत चालता म्हणून बेवडा म्हणतात," ती म्हणाली होती आणि मग दोघंही हसत सुटले होते. शाळा मात्र राहूनच गेली होती.

पोस्टमास्तर गेले. भावजयीनं दाराची पाटी फिरवली आणि ती मधल्या दारापाशी उभी राहिली.

"हां, आता बोल," टिल्लू टॉवेलला हात पुसत म्हणाला. "तारीख मिळाली ना? मला आधी एक सांग, पट्टी सुटल्यावर समोर पहिली कोण असणार? तुझं थोबाड असणार असेल तर मी डोळे मिटून घेईन. सुरुवात चांगली व्हायला पाहिजे."

"टिल्लू, तुझं होणार नाही."

"या खेपेला नाही? जागा भरल्या? असू दे. पुढच्या खेपेला. मी काय कुठे पळतोय?"

"पुढच्या खेपेलाही नाही. डाव्या डोळ्यात पेशीच उरलेल्या नाहीत. औषध कुणाला द्यायचं?"

तो म्हणाला, "पण रेषा?"

"रेषा नाही."

"मागच्या वर्षी तूच म्हणालीस, जागची हलली नाही."

"मागच्या वर्षीही नव्हती. मशीन जुनीच रेषा पुढे आणून दाखवत होतं."

"म्हणजे मशीन चुकलं होय!" त्याच्या आवाजात क्षणभर सुटका आली. मशीनचं काय, मशीन चुकतंच. मशीनवर कुणी रुसत नाही. ताईला वाटलं, इथे थांबावं. तो स्वतःच पूल बांधून देत होता, त्यावरून नुसतं पलीकडे जायचं होतं. ती बराच वेळ आरशातल्या त्याच्या पाठीकडे बघत राहिली.

"मशीनला तसं मीच शिकवलं होतं," ती म्हणाली. "पण नंतर दोन माणसं तपासतात, म्हणून ते चालून जातं. सगळ्यांचे फोटो दोघं तपासतात. तुझे मी एकटीच बघत होते. तेही नीट नाही."

"का?"

"का म्हणजे?"

"सगळ्यांचे दोघं आणि माझे एकटी. का?"

"तू माझा म्हणून," ताई म्हणाली आणि ते शब्द ऐकून तिला स्वतःचीच शरम वाटली.

मधल्या दारातून भावजय पुढे आली. ती शांतपणे बोलली, आणि तोच शांतपणा ताईला सोसेना. "ताई, ते दुसरे लोक बोलावत होते तेव्हा? तेव्हा होती का रेषा?"

"होती."

"पुरेशी?"

"हो."

बाहेरून कुणीतरी दार ढकलून बघितलं, पाटी वाचली आणि निघून गेलं. टिल्लू खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभा होता. बोटं चामड्यावरच्या शिवणीवरून मागेपुढे फिरत होती, गिऱ्हाइकाच्या गालावरून फिरत तशी.

"म्हणजे तेव्हा गेलो असतो तर?"

"कदाचित."

"हे डॉक्टर लोकांचं कदाचित की आपलं घरातलं? डॉक्टर कदाचित म्हणतात तेव्हा ते नाही असतं. मला चांगलं माहितेय, मी लहानपणापासून ऐकतोय."

"त्यांच्या बऱ्याच रोग्यांची नजर टिकलीय. तुझी टिकली असती. सगळी नाही. पण केस कापता आले असते."

त्यानं मान हलवली, एखाद्या गिऱ्हाइकानं कसे केस हवेत ते सांगावं आणि त्यानं ऐकून घ्यावं तशी. मग बेसिनपाशी गेला, नळ सोडला, ब्रश धुतला. धुतलेला ब्रश पुन्हा धुतला.

"उजव्यात किती दिवस आहेत?"

"सांगता येत नाही. फार नाही."

"बरं."

"टिल्लू, मी..."

"तू घरी जा, ताई."

"ऐकून तर घे."

"मी चिडलेलो नाहीये. चिडलो की सांगेन, तेव्हा लांब उभी राहा. आत्ता तू जा. मला हिच्याशी बोलायचंय आणि तू असलीस की मी तुलाच समजावत बसेन."

भावजय तिला दारापर्यंत सोडायला आली. "तुम्ही येऊन सांगितलंत, ते बरं झालं असं मी म्हणणार नाही," ती म्हणाली. "आत्ता तरी नाही." आणि पुढे, अगदी सवयीनं, "सांभाळून जा, पायरी उंच आहे."

त्यानंतर टिल्लूचा फोन आला नाही. एरवी तो दिवसाआड करायचा, कामाचं काही नसताना, नुसता पोस्टमास्तरांचा नवा विनोद सांगायला. ताईनं दोनदा केला. दोन्हीदा भावजयीनं उचलला. दुसऱ्यांदा ती म्हणाली, "शाळेत जायला लागलेत," आणि तिथला रस्ता कोणता तेही सांगितलं, न विचारता.

ताईनं प्रोग्राममधली ती सोय काढून टाकली. जिथे जिथे तो वापरात होता तिथे तिथे कळवलं, चूक काय आणि कुणाची ते लिहून. मोठे डॉक्टर म्हणाले, "इतकं स्पष्ट लिहायची गरज नव्हती." कासवानं आजवरचे सगळे रोगी पुन्हा तपासायला घेतले आणि या कामात तो कासव राहिला नाही. घरी जायचंही विसरला. शेवटी येऊन म्हणाला, "बाकी कुणाचं काही बिघडलेलं नाही, ताई. सगळे दोघांच्या नजरेखालून गेले होते." त्याला वाटलं, हे ऐकून तिला बरं वाटेल. तिला बरं वाटलंही. मग ती स्वच्छतागृहात गेली आणि नळ सोडून बराच वेळ उभी राहिली. तिच्या नियमानं सगळ्यांना सांभाळलं होतं. ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप मांडला, त्यालाच तिनं मायेपोटी नियमाच्या बाहेर ठेवलं होतं.

पहिली शस्त्रक्रिया एका सुताराची झाली. ती नीट पार पडली. काही आठवड्यांनी तो पट्टी वगैरे सगळं संपवून तपासणीला आला, तेव्हा त्यानं मंद उजेडातल्या खोलीत ठेवलेल्या खुर्च्यांमधून कुठेही न धडकता वाट काढली आणि पलीकडच्या भिंतीला हात लावून लहान मुलासारखा ओरडला. मोठ्या डॉक्टरांनी ताईला मिठी मारली. चष्मेवाली रडली. त्याचे फोटो काढून झाले, आता ते वाचायचे होते आणि सगळे ताईकडे बघत होते.

"मी जरा बाहेर जाऊन येते," ताई म्हणाली.

शाळेचा रस्ता रुंद, झाडं नसलेला होता. पदपथाच्या कडेला लोखंडी खांब, एका बाजूला बंद दुकानांची शटरं. टिल्लू लांबूनच दिसला, उंचीमुळे. हातात पांढरी काठी. शिकवणारी बाई त्याच्या मागे दहा पावलांवर थांबलेली, हाताची घडी घालून. तो काठी डावी-उजवीकडे फिरवत येत होता. एका खांबाला ती अडकली तेव्हा त्यानं खांबाला चांगली सणसणीत शिवी हासडली आणि बाई म्हणाली, "खांबाला ऐकू येत नाही, पुढे चला."

ताई पदपथाच्या मधोमध उभी होती. तिला बाजूला व्हायचं सुचलं नाही. काठीचं टोक येऊन तिच्या बुटाला लागलं आणि थांबलं. काठीनं पुन्हा एकदा चाचपून बघितलं. बूट, बुटाच्या वर पाय.

"माफ करा हं," टिल्लू म्हणाला. "कुणी आहे का?"

त्यानं मान तिरकी केली नाही. तिरकी करून उपयोग राहिला नव्हता, हे ताईला त्याच क्षणी कळलं. उजवाही गेला होता. किंवा दिसणं इतकं कमी झालं होतं की त्यानं ते हिशेबात धरणं सोडून दिलं होतं.

"मी आहे," ती म्हणाली.

तो उभा राहिला. मागून बाईनं विचारलं, "काय झालं?" त्यानं हात वर करून तिला थांबायची खूण केली.

"आज इकडे कशी?"

"पहिल्या रोग्याचं... नीट झालं. चालून दाखवलं त्यानं."

टिल्लूच्या चेहऱ्यावरून काहीतरी सरकत गेलं. ताईला तो चेहरा पाळण्यात असल्यापासून पाठ होता, तरी ते काय होतं हे तिला वाचता आलं नाही.

"धडकला नाही कुठे?"

"नाही."

"लेकाचा," टिल्लू म्हणाला. थोडं थांबून म्हणाला, "बरं झालं. खरंच बरं झालं."

"टिल्लू, घरी येऊ का मी? रविवारी?"

"अजून नको." तो भांडल्यासारखा बोलला नाही. "मी रोज सकाळी ठरवतो की आज तुला फोन करायचा. मग दात घासताना चूळ टाकतो ती बेसिनच्या बाहेर पडते आणि राग येतो. रोज येतो. तो थांबला की मी करेन. तू करू नकोस."

"बरं."

"त्याचे फोटो बघितलेस?"

"अजून नाही. तसेच ठेवून आले."

"मग जा ना. लोक खोळंबले असतील." त्यानं काठी उचलून तिच्या बुटाशेजारून पुढची फरशी चाचपली. "आणि एकटीनं बघू नकोस. आता बाजूला हो. मला कडेनं जायचंय, बाई मागून बघतेय आणि ती फार खवट आहे."

"ऐकू येतंय मला," बाई म्हणाली.

ताई भिंतीला चिकटून उभी राहिली. तो तिच्या इतक्या जवळून गेला की त्याच्या शर्टाला येणारा दाढीच्या साबणाचा वास तिला आला. दुकानांच्या रांगेत एक शटर अर्धवट उघडं होतं, त्याची कड डोक्याच्या उंचीवर पदपथात आलेली. काठीला जमिनीवरचं कळतं, डोक्यावरचं कळत नाही. ताईचा हात आपोआप पुढे गेला आणि तोंड उघडलं. मागून येऊन पोचलेल्या बाईनं तिच्या दंडावर हात ठेवला आणि मान हलवून नको म्हटलं.

टिल्लूचं कपाळ शटरला आपटलं. तो कळवळून थांबला. मग त्यानं मोकळा हात वर नेऊन ती कड एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश चाचपली, वाकला आणि खालून पुढे गेला.